कमी कमाईला बारा पायऱ्या पुरतील का?

दारू सोडवण्यासाठी रचलेल्या बारा पायऱ्या कमी कमाईवर वापरायच्या, हे पहिल्यांदा ऐकलं की पुणेकर हसतो. कमी पैसे मिळणं हे काय व्यसन आहे? हसून झालं की मात्र जरा थांबावं. ही कल्पना ज्यांच्यासाठी निघाली ती माणसं अडाणी नाहीत, आळशीही नाहीत. शिकलेली, कामात चोख, दहा जणांच्या अडीनडीला धावणारी, आणि तरीही वर्षानुवर्षं आपल्या कामाचे निम्मेच पैसे घेणारी किंवा मागायचेच राहून जाणारी. अशी माणसं न्यूयॉर्कमध्ये आहेत तशी सदाशिव पेठेत, कोथरूडमध्ये आणि सहकारनगरातही आहेत. माझं म्हणणं असं की त्यांना या पायऱ्यांचा खरोखर उपयोग होऊ शकतो, पण तो एका ठिकाणी येऊन संपतो. कुठे संपतो हे या पायऱ्यांच्या नावाने कमी कमाईवर कार्यशाळा भरवणारे सांगत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आधी कूळ पाहू. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन शहरात, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) उभं राहिलं. बारा पायऱ्या छापून आल्या १९३९ मध्ये. पुढे त्याच सांगाड्यावर इतर अनेक गट निघाले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला कर्जाच्या चक्रात अडकलेल्यांसाठी डेटर्स ॲनॉनिमस सुरू झालं. त्यातल्या काहींच्या लक्षात आलं की उधारी थांबली तरी आपण तिथेच आहोत, कारण मुळात येतंय तेच कमी. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्यातून अंडरअर्नर्स ॲनॉनिमस निघालं. त्यांच्या बैठका फोनवर आणि झूमवरही भरतात, त्यामुळे नारायण पेठेतल्या माणसाला तिथे जाऊन बसायला व्हिसा लागत नाही.

पुण्याला या पायऱ्या परक्या नाहीत. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ‘फक्त आजचा दिवस’ हे शब्द तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत पोहोचले आहेत. नवऱ्याची दारू सोसणाऱ्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ हा गट आहे. ए.ए.च्या बैठकीत रिक्षावाला आणि इंजिनिअर शेजारी शेजारी बसतात आणि आपापलं सांगतात. ‘तू असं कर’ न म्हणता ‘माझं असं झालं’ म्हणायचं, ही तिथली शिस्त. सल्ले देणं हा ज्या शहराचा जोडधंदा आहे तिथे ही शिस्त टिकली, याचं मला अजून नवल वाटतं.

अंडरअर्नर्स ॲनॉनिमसने कमी कमाईची काही लक्षणं नोंदवली आहेत. आपला वेळ फुकट वाटत सुटणं. कामाचा भाव कमी सांगणं. चालून आलेल्या संधीचा पाठपुरावा न करणं. पैसे मागताना अपराधी वाटणं. दुखणीखुपणी, एकलकोंडेपणा, आणि अंगात ताकद उरणार नाही इतकं राबून मग महिनाभर काहीच न करणं. यादीत आणखीही आहेत, पण पुण्याच्या माणसाला एवढ्यातच कोणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारल्यासारखं होईल.

कारण इथे पैसे न मागणं हा सुसंस्कृतपणा समजला जातो. शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या बाईंना फी विचारली की त्या म्हणतात, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.’ शिकणारीच्या आईला योग्य वाटतं ते अर्थातच कमी असतं, आणि मग दोघी वर्षभर एकमेकींवर मनातून नाराज राहतात. व्याख्यानाला बोलावणारे वक्त्याला विषय, वेळ, सभागृह, अध्यक्षांचं नाव, सगळं कळवतात, फक्त पैशाचं कळवत नाहीत. वक्ताही विचारत नाही. कार्यक्रमानंतर शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळतं. पाकीट तिथे उघडणं असभ्य, त्यामुळे ते रिक्षात उघडायचं, आणि काही वेळा त्यातून रिक्षाचं भाडंही जेमतेम सुटतं. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. महाराष्ट्राला ज्याचा एवढा अभिमान आहे त्या परंपरेतल्या कित्येक अंकांमध्ये छापणाऱ्याला पैसे मिळतात, कागदवाल्याला मिळतात, जाहिरात आणणाऱ्याला टक्केवारी मिळते. लेखकाला मिळतो एक अंक, तोही दोनदा फोन केल्यावर.

या सगळ्याला साधी राहणी म्हणायची पद्धत आहे, आणि कोणी फारच ताणलं तर तुकोबांना मध्ये आणलं जातं. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात ते बरोबर, पण ती लोकांकडून येणं असलेल्या पैशाची होती. कर्जदारांना त्यांनी मोकळं केलं. दुसऱ्याच्या मजुरीचं पाकीट हलकं करायला त्यांचं नाव घेणं हा शुद्ध चावटपणा आहे.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला ‘आत्मविश्वास वाढवा, जास्त मागा’ हे सांगून काही होत नाही. त्याला ते माहीत असतं. फोन हातात घेतल्यावर घसा कोरडा पडतो, ही त्याची अडचण. इथे बारा पायऱ्यांच्या गटांची साधनं उपयोगी पडतात, कारण ती मनाच्या गप्पांपेक्षा वहीतल्या नोंदींवर चालतात. त्यातलं सगळ्यात साधं साधन म्हणजे वेळ लिहून ठेवणं. भाषांतर करणाऱ्या एखादीचं उदाहरण घ्या. तीन हजार शब्दांच्या मजकुराचे तिने दीड हजार रुपये घेतले. भाव तिच्या डोक्यात ‘शब्दाला पन्नास पैसे’ असा असतो आणि तो तिला बरा वाटतो. पण मजकूर वाचणं, संज्ञा शोधणं, पहिला खर्डा, संपादकांच्या शंका, दोन वेळा दुरुस्ती आणि पैशासाठी केलेले फोन, हे सगळं तासांत लिहिलं आणि ते पंधरा तास भरले, तर तिला तासाला शंभर रुपये पडले. हा आकडा कोणी भाषणात सांगितला असता तर तिने वाद घातला असता. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या आकड्याशी वाद घालता येत नाही. घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईचंही तेच. डाळ, गूळ, तूप, गॅस यांचा हिशेब ती चोख ठेवते. ओट्याशी उभं राहिल्याचे तास त्यात कुठेच नसतात.

दुसरं साधन डेटर्स ॲनॉनिमसचं. गटातले दोन अनुभवी सदस्य नव्या माणसाबरोबर बसतात, त्याची जमा, खर्च, देणी कागदावर मांडून घेतात आणि पुढच्या महिन्याचा आराखडा करायला मदत करतात. यात मोल आहे ते दोघं नातेवाईक नसण्यात. आपल्याकडे पैशाचं बोलणं एकतर होत नाही, नाहीतर घरात होतं, आणि घरात झालं की तिसऱ्या वाक्याला ते हिशेब सोडून मेव्हण्याच्या फ्लॅटवर जातं. परका, पण त्याच खड्ड्यात पडून बाहेर आलेला माणूस समोर असला तर आकडे खरे सांगितले जातात.

याला पुरावा काय, असं विचारणं रास्त आहे. दारूच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त सहभागी होते. ए.ए.मध्ये जायला पद्धतशीर मदत करणारे उपचार दारू पूर्ण बंद राहण्याच्या कसोटीवर इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. पण तो पुरावा दारूचा आहे. कमी कमाईच्या कार्यशाळेच्या जाहिरातीत तो उसना आणता येत नाही. दारूच्या बाबतीत निदान मोजायचं काय ते ठरलेलं असतं. प्यायला की नाही, एवढंच. कमाईत अशी रेघ कुठे ओढणार?

इथेच माझी पहिली मोठी शंका आहे. पहिली पायरी म्हणते की आम्ही हतबल आहोत हे मान्य केलं. दारुड्यासाठी या कबुलीत मुक्ती आहे, कारण तो आयुष्यभर ‘मी कधीही सोडू शकतो’ म्हणत आलेला असतो. त्याचा खोटा ताबा सुटतो आणि तो मदत मागतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हेच सांगून पाहा. नेट किंवा सेट झालेला, बहुधा पीएच.डी.ही, सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेणारा हा माणूस पुण्यात प्रत्येक गल्लीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असं सुचवलं. महाराष्ट्रात तासिकेचे दर त्याच्या खालीच राहिले. तास झाले नाहीत तर पैसे नाहीत, मे महिन्यात तर नाहीतच. त्याने वेळ लिहिला, मनाचा निर्भीड आढावा घेतला, सकाळी उठून प्रार्थना केली, तरी दर शासन निर्णयात लिहिलाय तोच राहणार. दारुड्याच्या हातातली बाटली त्याचीच असते. याची बाटली मंत्रालयात आहे.

अशा माणसाला चौथ्या पायरीवर बसवून स्वतःचे दोष लिहायला लावणं मला क्रूर वाटतं. तो लिहीलही, कारण तो अभ्यासू आहे. मी ओळखी वाढवल्या नाहीत, मी इंग्रजी सुधारलं नाही, मी वेळेवर शहर सोडलं नाही. वही भरेल. पद भरलं जाणार नाही.

तेव्हा वर्गवारी केल्याशिवाय या विषयावर बोलूच नये. एक माणूस भाव स्वतः ठरवतो आणि तो कमी सांगतो. दुसऱ्याचा भाव दुसरा कोणीतरी ठरवतो. पहिल्याला पायऱ्यांचा उपयोग आहे. दुसऱ्याला त्याच पायऱ्या दाखवल्या तर त्याच्या खिशातला प्रश्न त्याच्या स्वभावात नेऊन ठेवल्यासारखं होतं. मधेही पुष्कळ जण आहेत हे मला कळतं. हिंजवडीत एकाच कंपनीत दहा वर्षं पगारवाढ न मागता बसलेला माणूस थोडा इकडचा, थोडा तिकडचा. पण कार्यशाळेत शिरताना दाराशी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारला जात नाही.

दुसऱ्या शंकेकडे मी जास्त गंभीरपणे पाहतो. पायऱ्यांच्या जोडीला या गटांच्या बारा परंपराही आहेत, म्हणजे गट कसा चालवायचा याचे नियम. ए.ए.ने त्या १९५० मध्ये स्वीकारल्या. त्यातली दहावी सांगते की बाहेरच्या विषयांवर संघटनेला मत नाही. यामागे शहाणपण होतं. १८४० मध्ये बाल्टिमोरला वॉशिंग्टोनियन नावाची दारुड्यांची अशीच एक चळवळ निघाली होती. ती झपाट्याने वाढली, सार्वजनिक वादांत ओढली गेली आणि विरून गेली. ए.ए.ने तो धडा घेतला आणि टिकून राहिलं. शिवाय निनावीपण. आडनाव सांगायचं नाही, बैठकीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. दारुड्याची अब्रू आणि नोकरी त्याने वाचते.

आता हेच दोन नियम मजुरीला लावून पाहा. खोलीत दहा भाषांतरकार बसलेत, दहाही जण सांगताहेत की अमुक प्रकारच्या कामाला आपल्याला शब्दाला पन्नास पैसे मिळतात. सगळ्यांना हायसं वाटतं, आपण एकटे नाही. आणि मग नियमाप्रमाणे ते तिथेच सोडून सगळे घरी जातात. संघटना म्हणून भावाबद्दल काही म्हणायचं नाही, कारण ते बाहेरचं. कोण किती कमी देतो हे बोलायचं नाही, कारण ते आतलं. कमी पैसे देणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? मजुरीचे दर गुप्त राहण्यावर त्याचा धंदा चाललेला असतो. दारूच्या बाबतीत निनावीपण आजाऱ्याचं रक्षण करतं, कमाईच्या बाबतीत ते मालकाचंही करतं.

या शहराला दुसरा रस्ता ठाऊक आहे, आणि तो पेठांमधूनच निघाला. भुसार बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांना डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायतीत एकत्र आणलं. १९६९ चा माथाडी कायदा आल्यावर मजुरी मंडळामार्फत मिळण्याची आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांसाठी मालकाकडून लेव्ही घेण्याची सोय झाली. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कचरावेचक बायकांपर्यंत पोहोचल्या होत्या. बायकांना ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. कचराकुंडीत हात घालणाऱ्या बाईला दारावर येऊन घरटी महिन्याचे पैसे हक्काने घेता येऊ लागले.

या बायकांच्या मनात लाज नव्हती असं कोण म्हणेल? कुंडीतून कागद वेचताना लोक चोर म्हणायचे, पोलीस हटकायचे. आपल्या कामाला किंमत आहे हे त्यांनाही एकमेकींकडून ऐकावं लागलंच. बैठका झाल्या, आपापलं सांगणं झालं, रडणंही झालं असेल. पण बैठक तिथे संपली नाही. तिथून मोर्चा निघाला, महापालिकेशी बोलणी झाली, दर ठरला आणि तो दर सगळ्या शहराला माहीत झाला. पेठेतल्या संगीत शिक्षिकेला आजही आपली फी उच्चारता येत नाही, आणि तिच्याच दारात येणाऱ्या ताई ‘या महिन्याचे राहिलेत’ असं सहज सांगतात. यात कोणाला कोणाकडून शिकण्यासारखं आहे हे उघड आहे, फक्त आपली जातवर्गाची घडण ते शिकू देत नाही.

यावर एक उत्तर येतं आणि ते पोकळ नाही. हमालांना व्यापारी समोर दिसत होता, कचरावेचकांना महापालिका. सहा विद्यार्थी असलेल्या तबलजीने कोणासमोर घोषणा द्यायच्या? सहा पालकांसमोर? खरं आहे. स्वतंत्र काम करणाऱ्या मध्यमवर्गीयाचा मालक शंभर ठिकाणी विखुरलेला असतो, आणि त्यातला एक तो स्वतःही असतो. शिवाय युनियनच्या सभेत कोणी ‘मला पैसे मागताना रडू येतं’ असं सांगत नाही. ते सांगायला जागा लागते. म्हणून मी पायऱ्या फेकून द्या म्हणत नाही. ज्याला आधी तोंड उघडायला शिकायचंय त्याने वर्तुळात बसावंच. माझा आक्षेप वर्तुळाला आजारपणाचं नाव देण्याला आहे आणि दार आतून बंद करण्याला आहे.

आणि फीला. बारा पायऱ्यांच्या कोणत्याही खऱ्या गटात सभासदत्वाला शुल्क नसतं. सातवी परंपरा सांगते की गटाने आपल्या खर्चाचं आपण बघावं, बाहेरच्या देणग्या घेऊ नयेत. बैठकीत टोपली किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. आठवी सांगते की एका सदस्याने दुसऱ्याला हात द्यायचं हे काम बिनपगारी राहील. १९३८ मध्ये ए.ए.च्या संस्थापकांनी धाकट्या रॉकफेलर यांच्याकडे मोठी मदत मागितली होती. त्यांनी ५,००० डॉलर दिले, आणि जास्त पैशाने ही गोष्ट बिघडेल असं मत दिलं. श्रीमंताने पैसे न देण्यासाठी सांगितलेलं इतकं चांगलं कारण मला दुसरं माहीत नाही.

त्यामुळे शनिवार-रविवारी हॉटेलच्या वातानुकूलित हॉलमध्ये, पहिलं सत्र मोफत आणि पुढचं काही हजारांना, ‘पैशाशी नातं बरं करा’ म्हणणारी कार्यशाळा पायऱ्यांचं नाव घेत असेल तर तिने ते उसनं घेतलंय असं खुशाल समजावं. कमी कमावणाऱ्याकडून त्याच्या कमी कमाईचे पैसे घ्यायचे, मग फरक पडला नाही की ‘तुमच्या आत अजून अडथळे आहेत’ म्हणून पुढच्या टप्प्याचे घ्यायचे. शिकवणाऱ्याने फी घेऊ नये असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर वरचा अर्धा लेख वाया जाईल. हिशेब शिकवा, वाटाघाट शिकवा, बिल कसं लिहायचं ते शिकवा आणि पैसे घ्या. पण मग त्याला वर्ग म्हणा.

पुण्यात हे फुकट करायला जागांची वाण नाही. ग्रंथालयांचे वाचनकक्ष दुपारी रिकामे असतात, महाविद्यालयांचे वर्ग संध्याकाळी. आठवड्यातून एकदा एकाच कामातले दहा-बारा जण बसतील. चित्रकार चित्रकारांबरोबर, शिकवणीवाल्या शिकवणीवाल्यांबरोबर. आपापले तास, आपापले भाव, थकलेली बिलं वाचून दाखवतील. बोलणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही, इतकं निनावीपण ठेवावं. आकडा मात्र बाहेर गेलाच पाहिजे. त्या कामाचा किमान भाव दर सहा महिन्यांनी एका कागदावर छापून, गटाच्या नावाने, सगळ्यांना पाहता येईल असा लावावा. नव्याने कामात आलेल्या मुलीला मग ‘तुम्हाला योग्य वाटेल ते’ म्हणावं लागणार नाही, ती कागदाकडे बोट दाखवेल. तासिकावाल्यांनी मात्र या वर्तुळात फार वेळ घालवू नये. त्यांची जागा त्यांच्या संघटनेत आणि उच्च शिक्षण संचालनालयाच्या दारात आहे, आणि ते कार्यालय पुण्यातच आहे.

सुरुवात दिवाळी अंकांपासून करता येईल. लेख मागवणाऱ्या पत्रात विषय, शब्दसंख्या आणि शेवटची तारीख असते. त्याच्याच खाली संपादकांनी पैशाचा आकडा आणि तो कोणत्या तारखेला मिळेल ते लिहावं. शून्य असेल तर शून्य लिहावं. आणि पत्रात आकडा नसेल तर लेखकाने होकार कळवण्याआधी तो विचारावा, त्याच दिवशी, फोनवर.